शॉर्टवेव्ह अँटेनाच्या ट्रान्सफॉर्मरसाठी फेराइट कोर: मटेरियल, वेढे आणि भंगारातली पारख

सोलापुरात गच्चीवर पंधरा-वीस मीटर तार ताणली की शॉर्टवेव्हचे सिग्नल भरपूर येतात. त्यांच्या जोडीला शेजारच्या एलईडी दिव्यांची भुणभुण येते, इन्व्हर्टरची घरघर येते, आणि घर अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला असेल तर यंत्रमागांच्या मोटारींची खरखरही. तार आणि रेडिओ यांच्यामध्ये एक छोटा जुळवणी ट्रान्सफॉर्मर नीट बसवला तर यातला बराच गोंगाट घरातच राहतो, रेडिओत शिरत नाही.

ट्रान्सफॉर्मर करायला पाव तास पुरतो. वेळ खातो तो कोर, म्हणजे वेढे ज्यावर गुंडाळायचे ती फेराइटची रिंग. दुकानात गेलेला नवखा माणूस पहिल्यांदा विचारतो, "केवढी रिंग घेऊ?" आकाराचा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी यायला हवा. आधी सगळ्यात खालची फ्रीक्वेन्सी ठरवायची, मग इम्पीडन्सचं (सिग्नलला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) गुणोत्तर, मग मटेरियल, मग वेढे. एवढं झालं की आकार आपोआप ठरतो, आणि फक्त ऐकायचं असेल तर तो बहुतेक वेळा आपल्या अंदाजापेक्षा लहान निघतो.

गुणोत्तर किती?

एका टोकाला रेडिओ जोडलेल्या आणि दुसरं टोक मोकळं असलेल्या तारेचं इम्पीडन्स फ्रीक्वेन्सीप्रमाणे पार बदलतं. कुठे काही दहा ओहम, तर कुठे काही हजार. या सगळ्यांतला मधला तोडगा म्हणून ४५० ओहम धरतात आणि ५० ओहमच्या रेडिओसाठी ९:१ चा ट्रान्सफॉर्मर वापरतात. इम्पीडन्सचं गुणोत्तर हे वेढ्यांच्या गुणोत्तराचा वर्ग असतं. म्हणून ९:१ साठी वेढे ३:१ लागतात, नऊ पट नव्हे. ३०० ओहमच्या फोल्डेड डायपोल अँटेनाला ७५ ओहमची केबल जोडायची तर ४:१, म्हणजे वेढे २:१. अर्ध्या तरंगलांबीची तार टोकाकडून जोडायची तर ४९:१, वेढे ७:१.

ऐकण्यासाठी यात फार काटेकोर असण्याची गरज नसते. शॉर्टवेव्हवर आकाशातून आणि आसपासच्या यंत्रांतून येणारा गोंगाट रेडिओच्या स्वतःच्या गोंगाटापेक्षा सहसा जास्त असतो. जुळणी थोडी चुकली तर सिग्नल आणि गोंगाट दोन्ही सारखेच खाली येतात आणि कानाला फरक कळत नाही. म्हणून केबल टीव्हीवाल्यांकडे मिळणारी ७५ ओहमची आरजी-६ केबल बिनधास्त वापरा. ५० ओहमच्या महागड्या केबलसाठी अडून बसू नका.

मटेरियल

फेराइट म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये दुसऱ्या धातूंची ऑक्साइडं मिसळून भट्टीत भाजलेली एक प्रकारची सिरॅमिक. १९३० साली टोकियोत योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई यांनी ती शोधली. तिचं उत्पादन करायला १९३५ मध्ये जी कंपनी निघाली, तीच आजची टीडीके. आपल्या कामाचे प्रकार दोन: मँगनीज-झिंक आणि निकेल-झिंक. मँगनीज-झिंकची परमिॲबिलिटी (चुंबकत्व किती सहज आत घेते ते) मोठी, पण ती वीज थोडीफार वाहू देते. निकेल-झिंकची परमिॲबिलिटी कमी, पण ती जवळजवळ इन्सुलेटर असते आणि वरच्या फ्रीक्वेन्सीला टिकते. परमिॲबिलिटी जितकी जास्त, तितकी ती कमी फ्रीक्वेन्सीलाच ढासळू लागते. फिलिप्स कंपनीतल्या स्नूक यांनी १९४० च्या दशकात हा नियम मांडला, आणि कोर निवडतानाची सगळी ओढाताण त्यातूनच येते.

बाजारात जे आकडे ऐकू येतात ते बहुतांशी फेअर-राइट या अमेरिकी कंपनीच्या मटेरियलचे असतात. ७३ ची सुरुवातीची परमिॲबिलिटी २५००, ७७ ची २०००, ३१ ची १५००, ४३ ची ८००, ५२ ची २५० आणि ६१ ची १२५. यात ७३, ७७ आणि ३१ हे मँगनीज-झिंक. ४३, ५२ आणि ६१ हे निकेल-झिंक. आकडा मोठा म्हणजे परमिॲबिलिटी मोठी असं काही नाही, ते नुसते क्रमांक आहेत.

एफटी५०-४३ हे नाव असं वाचायचं: एफटी म्हणजे फेराइट टोरॉइड (रिंग), ५० म्हणजे बाहेरचा व्यास ०.५० इंच (१२.७ मिलिमीटर), ४३ म्हणजे मटेरियल. नाव टी५०-२ असेल, सुरुवातीला एफ नसेल, तर ती फेराइट नव्हे; लोखंडाच्या भुकटीची रिंग आहे. लाल रंगाची ही रिंग फिल्टर आणि ट्यूनरच्या कॉइलसाठी उत्तम, आपल्या कामाला मात्र निरुपयोगी. का, ते पुढच्या हिशेबात दिसेल.

हिशेब

नियम एवढाच: रेडिओच्या बाजूच्या गुंडाळीची रिॲक्टन्स (इंडक्टन्समुळे सिग्नलला होणारा अडथळा), सगळ्यात खालच्या फ्रीक्वेन्सीला, त्या बाजूच्या इम्पीडन्सच्या किमान चौपट हवी. पाचपट मिळाली तर अजून छान.

समजा ३ मेगाहर्ट्झपासून वर ऐकायचं आहे. ५० ची चौपट २०० ओहम. इंडक्टन्स काढायला २०० ला ६.२८ ने आणि मेगाहर्ट्झने भागा: २०० ÷ (६.२८ × ३) = सुमारे १०.६ मायक्रोहेन्री.

आता कोरचा एएल आकडा घ्या. एका वेढ्याला किती नॅनोहेन्री, ते हा आकडा सांगतो; इंडक्टन्स = एएल × वेढे × वेढे. एफटी५०-४३ चा एएल सुमारे ४४०. (जुन्या तक्त्यांत ५२३ दिसेल. फेराइटमध्ये वीस टक्के इकडे-तिकडे चालतंच, त्यावर वाद घालू नका.) १०,६०० ला ४४० ने भागलं तर २४, त्याचं वर्गमूळ ४.९. म्हणजे रेडिओच्या बाजूला ५ वेढे, अँटेनाच्या बाजूला १५.

हाच हिशेब एफटी५०-६१ वर करा. एएल ६८, म्हणून १३ वेढे आणि ३९ वेढे. गुंडाळता येतील, पण एवढ्या लांब तारेची लीकेज इंडक्टन्स (दुसऱ्या गुंडाळीशी न जुळलेला भाग) आणि वेढ्यावेढ्यांतली कपॅसिटन्स २० मेगाहर्ट्झच्या पुढे सिग्नल खाऊ लागते. लाल टी५०-२ वर तर एएल ४.९ आहे. तिथे ४७ आणि १४१ वेढे लागतील, म्हणजे हिशेब कागदावरच संपला.

इथे मटेरियलचं सगळं म्हणणं कळतं. खालच्या टोकाला इंडक्टन्स हवी म्हणून वेढे वाढवावेसे वाटतात, वरच्या टोकासाठी ते कमी करावेसे वाटतात. परमिॲबिलिटी मोठी असेल तर थोड्या वेढ्यांत दोन्ही साधतं. मग थेट ५००० किंवा १०,००० परमिॲबिलिटीचा कोर का नको? वरच्या फ्रीक्वेन्सीला तो इंडक्टरऐवजी रेझिस्टरसारखा वागू लागतो म्हणून. पण ऐकण्याच्या कामात ही भीती लोक उगाच वाढवून सांगतात. समजा कोरने ५० ओहमच्या बाजूला ५०० ओहमचा समांतर रेझिस्टर टाकल्यासारखा परिणाम केला. तरी शक्तीचा नऊ टक्के भाग जाईल, म्हणजे ०.४ डेसिबल. हे कुणाच्याही कानाला कळणार नाही.

३ ते ३० मेगाहर्ट्झ ऐकण्यासाठी माझी पहिली पसंती ४३. मीडियम वेव्हही ऐकायची असेल तर ७३ चा दोन भोकांचा बीएन-७३-२०२ घ्या. त्याचा एएल सुमारे ८५०० आहे, म्हणून रेडिओच्या बाजूचे ३ वेढेसुद्धा ७६ मायक्रोहेन्री देतात. म्हणजे ६०० किलोहर्ट्झला २८७ ओहम. अँटेनाला ९ वेढे. दोन भोकांच्या कोरमध्ये एका भोकातून जाऊन दुसऱ्यातून परत आलं की एक वेढा. रिंगमध्ये तार भोकातून जितक्या वेळा गेली तितके वेढे. नुसती सरळ आरपार गेलेली तारसुद्धा एक वेढाच.

आकार

ऐकण्यासाठी एफटी५०, हवा तर एफटी८२. अर्ध्या इंचाच्या रिंगवर बोटं अडखळत असतील तर एफटी८२ घ्या, तेवढंच कारण पुरे. अँटेनाकडून येणारी शक्ती इतकी नगण्य असते की कोर चुंबकत्वाने भरून जायचा किंवा तापायचा प्रश्नच येत नाही. २.४ इंची एफटी२४० ऐकण्यासाठी घेणं म्हणजे पैसे घालवणं. वर त्याच्या प्रत्येक वेढ्याला जास्त तार लागते आणि वरचे बँड थोडे बिघडतातच.

भंगारातून काय उचलावं

क्रमांक सांगून फेराइट सोलापुरात सहजी मिळत नाही. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन तपकीर गल्लीत विचारता येतं, मुंबईला गेलात तर लॅमिंग्टन रोडला, नाहीतर ऑनलाइन. पण दुरुस्तीवाल्यांच्या दुकानामागच्या ढिगातही बरंच काही पडलेलं असतं. ते ओळखायचं कसं, हे शिकून घेण्यासारखं आहे.

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधली पिवळी रिंग, जिची एक बाजू पांढरी असते, ती घेऊ नका. ती लोखंडाच्या भुकटीची आहे, कमी फ्रीक्वेन्सीच्या फिल्टरसाठी केलेली. सगळ्यात सहज सापडते तीच, त्यामुळे सगळ्यात जास्त वेळ तीच वाया घालवते. त्याच सप्लायमध्ये मेनच्या वायरींजवळ, दोन जाड गुंडाळ्या समोरासमोर असलेली रिंग असेल तर ती मात्र उचला. ती सहसा मोठ्या परमिॲबिलिटीची मँगनीज-झिंक असते. मीडियम वेव्ह आणि खालच्या शॉर्टवेव्ह बँडांसाठी चालते. सप्लाय उघडल्यावर, आत हात घालण्याआधी, मोठ्या कपॅसिटरमधला चार्ज उतरवायला विसरू नका.

जुन्या मॉनिटरच्या केबलवर जो प्लॅस्टिकमधला फुगीर गठ्ठा असतो, त्यात फेराइटची नळी असते. गोंगाट अडवण्यासाठीच ती बनवलेली असते आणि शॉर्टवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरला बहुतेक वेळा छान चालते. दूरदर्शनच्या काळातल्या छतावरच्या अँटेनाचा बॅलन (अँटेनाला केबलशी जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) अजूनही कुठल्यातरी माळ्यावर सापडेल. त्यातला दोन भोकांचा कोर टीव्हीच्या फ्रीक्वेन्सीसाठी असतो, त्यावर दोन-तीनच वेढे असतात आणि खालच्या बँडांवर ते अपुरे पडतात. जुनी तार काढून बारीक तारेने वेढे वाढवले तर ७ मेगाहर्ट्झच्या वर कामाला येतो. ट्रान्झिस्टर रेडिओतली फेराइटची कांडी मात्र या कामाला नको. तिचा चुंबकीय मार्ग उघडा असतो, त्यामुळे दोन गुंडाळ्यांची जोड ढिली राहते.

अनोळखी कोर हाती आला की आधी मल्टिमीटर. रंग किंवा लेप नसलेल्या जागी दोन्ही टोकं घट्ट दाबा. किलोओहममध्ये आकडा आला तर मँगनीज-झिंक. मेगाओहम किंवा काहीच नाही तर निकेल-झिंक. लेपावर टोकं ठेवलीत तर हा प्रयोग फसवतो, म्हणून कडेला काचकागदाने थोडं घासून घ्या. रंगावर विसंबू नका. रंगांची पद्धत लोखंडी भुकटीच्या रिंगांची आहे, आणि स्वस्त मालात तीही पाळली जातेच असं नाही.

मग एलसी मीटर, म्हणजे इंडक्टन्स मोजणारं उपकरण. बरोबर १० वेढे घ्या. जितके मायक्रोहेन्री येतील त्यांना दहाने गुणलं की एएल मिळाला. ४४ आले तर ४४०. परमिॲबिलिटी हवी असेल तर बाहेरचा व्यास भागिले आतला व्यास, त्याचं नैसर्गिक लॉगॅरिदम (मोबाइलच्या कॅल्क्युलेटरमध्ये मिळतं), गुणिले मिलिमीटरमधली उंची, गुणिले ०.२. या उत्तराने एएलला भागा. एफटी५० च्या मापांवर करून पाहा: व्यास १२.७ आणि ७.१५, उंची ४.९. भागाकार १.७८, लॉगॅरिदम ०.५७, गुणाकार ०.५६. ४४० ला ०.५६ ने भागलं तर ७८५. म्हणजे ४३ च्या ८०० च्या अगदी जवळ.

एलसी मीटर कमी फ्रीक्वेन्सीला मोजतो, हे ध्यानात ठेवा. १५ मेगाहर्ट्झला कोर काय करतो ते त्याला कळत नाही. त्यासाठी नॅनोव्हीएनए (वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सींना इम्पीडन्स मोजणारं छोटं उपकरण) लागतो, आणि तो आता एखाद्या बऱ्या मोबाइलपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतो. कोरवर दोन वेढे घेऊन रेझिस्टन्स आणि रिॲक्टन्सच्या रेषा पाहा. त्या जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या वर कोर रेझिस्टरसारखा वागतो.

गुंडाळणी

तांब्याची इनॅमल तार मोटार रिवायंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते. सोलापुरात अशी दुकानं शोधावी लागत नाहीत. पंप आणि माग दोन्ही जळतच असतात. २८ गेज, म्हणजे साधारण ०.३८ मिलिमीटर, या कामाला बेताची. एफटी५० वर १५ वेढ्यांना ४० सेंटिमीटर आणि ५ वेढ्यांना २० सेंटिमीटर तार कापा, टोकांसाठी जागा त्यातच आली.

मँगनीज-झिंक कोर असेल तर आधी त्याच्या कडा काचकागदाने मऊ करा आणि एक थर टेफ्लॉन टेप (नळाला लावतात तीच) गुंडाळा. इनॅमल खरचटलं की वीज वाहणाऱ्या कोरमधून वेढे शॉर्ट होतात. ४३ ला हे सक्तीचं नाही, पण धारदार कडा तिथेही तार सोलते.

दोन्ही गुंडाळ्या वेगळ्या ठेवा: रिंगच्या एका बाजूला १५, समोरच्या बाजूला ५, आणि दोन्हींच्या मध्ये मोकळी जागा. पुष्कळ चित्रांत तीन तारा पिळून एकत्र गुंडाळलेला ९:१ दिसतो. त्यात अँटेनाची अर्थ (जमिनीशी जोडणी) आणि केबलची बाहेरची जाळी एकाच बिंदूला जोडलेली असतात. घरातल्या चार्जरांचा आणि एलईडींचा गोंगाट केबलच्या जाळीवरून चढत वर येतो आणि त्या सामाईक बिंदूतून थेट अँटेनात शिरतो. गुंडाळ्या वेगळ्या असल्या की ही वाट बंद होते. वरच्या टोकाला, २५ मेगाहर्ट्झच्या पुढे, थोडी घट येते. आपल्याकडच्या गोंगाटात हा सौदा मला केव्हाही परवडतो.

जोडणी: १५ वेढ्यांचं एक टोक तारेला, दुसरं गच्चीवरून वेगळ्या उतरवलेल्या अर्थला. ५ वेढ्यांचं एक टोक केबलच्या मधल्या तारेला, दुसरं जाळीला. अर्थ आणि जाळी कुठेही एकमेकींना लागू देऊ नका. डबा पत्र्याचा असेल तर नेमकं हेच होतं, म्हणून प्लॅस्टिकचाच घ्या.

एवढं करूनही केबलवरून गोंगाट येत राहिला, तर रेडिओजवळ आरजी-६ चे सात-आठ वेढे ३१ मटेरियलच्या मोठ्या रिंगमधून घ्या. मोठा कोर विकत घ्यायचाच असेल तर तो इथे शोभतो.

तपासणी

अँटेनाच्या बाजूला ४७० ओहमचा कार्बन किंवा मेटल फिल्म रेझिस्टर लावा. वायरवाउंड नको, तो स्वतःच कॉइल असतो. नेमके ४५० हवेत तर त्याला १० किलोओहम समांतर जोडा. दुसऱ्या बाजूने नॅनोव्हीएनएवर ३ ते ३० मेगाहर्ट्झ पाहा. एसडब्ल्यूआर (जुळणी किती चुकली ते सांगणारा आकडा, १ म्हणजे अचूक) बहुतांश पट्ट्यात दोनच्या खाली असला तर पुढे काही करू नका. खालच्या टोकाला वर गेला तर वेढे कमी पडलेत: ५ व १५ चे ६ व १८ करा. वरच्या टोकाला वर गेला तर गुंडाळीची तार लांब आहे किंवा गुंडाळ्या फार दूर आहेत. त्या थोड्या जवळ सरकवा. रेझिस्टर नुसता लावून एसडब्ल्यूआर चांगला येणं म्हणजे तोटा कमी असं मात्र नाही. तोटा मोजायचा तर अगदी एकसारखे दोन ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावून जोडा, आरपार मोजा आणि आलेल्या डेसिबलचे अर्धे करा.

उपकरण नसेल तर कानाने. संध्याकाळी ४९ मीटरवर (५.९ ते ६.२ मेगाहर्ट्झ) आणि दुपारी १६ मीटरवर (१७.४८ ते १७.९) एकेक कमजोर स्टेशन धरा आणि ट्रान्सफॉर्मरसह व त्याशिवाय ऐका. स्टेशनचा आवाज किती वाढला याकडे बघू नका. स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी खरखर किती कमी झाली, ते ऐका. छोट्या ट्रान्झिस्टरला लांब तार जोडल्यावर एकाच जागी तीन-तीन स्टेशनं मिसळू लागली तर दोष कोरचा नसतो, जादा सिग्नलने रेडिओ भरून गेलेला असतो. तार आखूड करा.

प्रक्षेपण करणाऱ्यांसाठी

हॅम (हौशी रेडिओ प्रक्षेपणाचा) परवाना असेल आणि याच अँटेनातून बोलायचं असेल तर हिशेब बदलतो. ऐकताना ज्या नऊ टक्क्यांकडे आपण दुर्लक्ष केलं, ते १०० वॅटला ९ वॅट होतात आणि सगळे कोरमध्ये उष्णता बनून बसतात. या फ्रीक्वेन्सींना कोर चुंबकत्वाने भरून जाण्याआधी तापून मरतो. ४३ चं क्युरी तापमान १३० अंशांच्या थोडं वर आहे. त्यापलीकडे त्याचे चुंबकीय गुण जातात आणि एसडब्ल्यूआर अचानक उडतो. मे महिन्यात आपल्याकडे हवाच ४२-४३ अंशांवर असते आणि गच्चीवरचा बंद डबा त्याहून बराच तापतो, म्हणजे सुरुवातच वरून होते. पाच-दहा वॅटला ४९:१ साठी एफटी१४०-४३ पुरतो. १०० वॅटला एफटी२४०-४३, शक्यतो दोन एकावर एक. नेहमीच्या २ व १४ वेढ्यांत एका एफटी२४०-४३ वर (एएल १०७५) इंडक्टन्स ४.३ मायक्रोहेन्री होते: ७ मेगाहर्ट्झला १८९ ओहम, म्हणजे जेमतेम, आणि ३.५ ला फक्त ९५, म्हणजे अपुरी. ८० मीटर हवाच असेल तर दोन कोर लावा किंवा ३ व २१ वेढे घ्या. वरच्या बँडांसाठी २ वेढ्यांच्या बाजूला १०० पिकोफॅरडचा जास्त व्होल्टेजचा कपॅसिटर समांतर लावतात. ऐकण्यासाठी त्याची गरज नाही.

गच्चीवर बसवताना

विजेच्या दुकानातला पीव्हीसी जंक्शन बॉक्स पुरतो, पांढरा घ्या. वायरी खालच्या बाजूने आत आणा आणि तळाला एक बारीक भोक ठेवा, साचलेला दमट वाफारा निघून जाईल. कोरवर एम-सील थापू नका, तापून प्रसरण झालं की फेराइटला चिरा जातात. कापडाची पट्टी किंवा केबल टाय बास. झाकणाच्या आत मटेरियल, वेढे आणि तारीख मार्करने लिहून ठेवा.

अर्थची सळई काळ्या मातीत असेल तर पावसाळ्यात ती उत्तम काम करते. मार्चनंतर मात्र माती आक्रसून भेगा पडतात आणि सळई अक्षरशः हवेत उभी राहते. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओता, किंवा सळईभोवतीची भेग बारीक मातीने भरून दाबत राहा. अर्थ सुटली की ९:१ ट्रान्सफॉर्मर गुपचूप केबलच्या जाळीलाच अर्थ मानू लागतो आणि गोंगाट परत येतो. लोक मग कोर बदलत बसतात.

एप्रिल-मे मध्ये वळीव गडगडायच्या आत केबल रेडिओतून काढून खिडकीबाहेर टाकायची सवय लावा. कोरडे वारे आणि धूळही लांब तारेवर चार्ज साठवतात. तो १५ वेढ्यांमधून अर्थला उतरतोच, तरी जोडीला तार आणि अर्थच्या मध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर कायम जोडून ठेवा. ४५० ओहमच्या पुढे तो नगण्य असल्याने ऐकण्यात काहीच फरक पडत नाही. थेट पडणाऱ्या विजेपुढे मात्र तो काहीच करू शकत नाही, त्यामुळे ढग दिसले की केबल काढाच.